अघोषित युद्ध न्हावा-शेव्याच्या गेटवर

२७ जून २०१७. मंगळवारची रात्र. रायगड जिल्ह्यातल्या न्हावा-शेवा बंदरातलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. वर्षाला वीस फुटी १८ लाख कंटेनर हाताळायची त्याची क्षमता. क्रेन धडधाकट होत्या, धक्का शाबूत होता, वीज होती, माणसं पाळीवर होती. तरी काम थांबलं, कारण कॉम्प्युटर बंद पडले होते. ते बंद पाडणारा प्रोग्राम रशियाच्या लष्कराने युक्रेनवर सोडला होता, असा ठपका पुढे अमेरिका आणि ब्रिटनने ठेवला. त्या भांडणाशी भारताचा काही संबंध नव्हता.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन साजरा झाला. तारकर्लीच्या वाळूवरून लोकांनी युद्धनौका डोळे भरून पाहिल्या. हा दिवस १९७१ च्या ऑपरेशन ट्रायडंटचा. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री कराचीवर हल्ला चढवला. युद्ध आदल्या दिवशीच पेटलेलं होतं. नौका कुणाच्या, हे कराचीला सांगावं लागलं नाही आणि आपणही ते लपवलं नाही.

सायबर हल्ल्यात यातलं काहीच नसतं. हल्लेखोर नाव सांगत नाही, युद्ध पुकारत नाही, विचारलं तर कानावर हात ठेवतो. मग एका देशाने दुसऱ्या देशावर केलेल्या अशा हल्ल्याला युद्ध म्हणायचं की नाही? नुसत्या चर्चेत हा प्रश्न हवेत राहतो. एक हल्ला सुरुवातीपासून तासातासाने पाहिला, की उत्तर हाताला लागतं. म्हणून हा घटनाक्रम. वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

१८ महिने आधी : २३ डिसेंबर २०१५

युक्रेनमध्ये ऐन हिवाळ्यात वीज गेली. वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत परक्या माणसांनी दुरून शिरकाव केला आणि तिथल्या ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत एकेक उपकेंद्र बंद केलं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात राहिले. सायबर हल्ल्याने एखाद्या देशाची वीज घालवल्याचं जगाने मान्य केलेलं हे पहिलं उदाहरण.

रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला होता आणि पूर्वेला डोन्बासमध्ये रोज तोफा चालत होत्या. म्हणजे युद्ध चालूच होतं, वीज तोडणं हा त्याचाच एक भाग होता. डिसेंबर २०१६ मध्ये खुद्द कीव्हमध्ये हाच प्रकार पुन्हा झाला. जगाने चिंता व्यक्त केली आणि विषय मागे पडला. हल्लेखोरांना त्यातून कळलं, की इतकं केलं तरी कुणी जाब विचारत नाही.

१०५ दिवस आधी : १४ मार्च २०१७

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीसाठी दुरुस्ती जाहीर केली. त्या त्रुटीतून आत शिरणारं ‘इटर्नलब्लू’ नावाचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलं होतं आणि ते चोरीला गेलं होतं, असं सर्वत्र मानलं जातं. दुरुस्ती फुकट होती. पण मोठ्या कंपनीत हजारो मशीन असतात, चालू काम थांबवून ती अद्ययावत करायची म्हणजे खोळंबा. कितीतरी ठिकाणी ते उद्यावर गेलं.

७४ दिवस आधी : १४ एप्रिल २०१७

या एका दिवसात दोन गोष्टी घडल्या. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने इटर्नलब्लू सगळ्या जगासाठी इंटरनेटवर टाकून दिलं. आणि कीव्हमधल्या लिंकोस ग्रुप या छोट्या, घरच्या लोकांनी चालवलेल्या कंपनीच्या सर्व्हरवरून एक अपडेट निघालं.

ही कंपनी ‘एम.ई.डॉक’ नावाचं कर भरायचं सॉफ्टवेअर विकते. आपल्याकडे हिशेबनीसाच्या टेबलावर टॅली असतं, तितकं ते युक्रेनमध्ये घरोघरचं. त्या दिवशीच्या अपडेटमध्ये एक चोरदरवाजा होता. कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. तसाच दरवाजा १५ मेच्या अपडेटमध्येही होता, हे नंतर ‘ईसेट’ या कंपनीच्या तपासनिसांनी शोधून काढलं.

४६ दिवस आधी : १२ मे २०१७

‘वॉनाक्राय’ हा व्हायरस इटर्नलब्लूच्या जोरावर जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. हा इशारा होता, जाहीर आणि मोठ्या आवाजातला. तो ऐकून ज्यांनी आपली मशीन दुरुस्त केली तेही पुढे पुरते वाचले नाहीत, कारण येऊ घातलेल्या प्रोग्रामकडे दुसरं हत्यारही होतं. एका मशीनच्या मेमरीत पडून राहिलेले पासवर्ड उचलायचे आणि त्यांच्या जोरावर दुरुस्त केलेल्या मशीनचंही कुलूप उघडायचं.

५ दिवस आधी : २२ जून २०१७

एम.ई.डॉकचं तिसरं अपडेट, चोरदरवाजासकट. युक्रेनमधल्या हजारो कचेऱ्यांत ते नेहमीप्रमाणे आपोआप बसलं. यातली एक कचेरी ओडेसा बंदरातली. तिथे डेन्मार्कच्या मर्स्क या त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाज कंपनीचं ऑफिस होतं. हिशेब खात्यातल्या एका अधिकाऱ्याने आयटीवाल्यांना सांगून एका कॉम्प्युटरवर एम.ई.डॉक टाकून घेतलं होतं. त्या देशात कर भरायचा तर ते लागतंच. तो एक कॉम्प्युटर मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याला जोडलेला होता. मर्स्कच्याच समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल चालवते.

मालवणात त्या आठवड्यात पावसाळी मासेमारी बंदी चालू होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. समुद्राचा धोका आम्हाला दिवसांनुसार मोजता येतो, कारण तो वेळापत्रक पाळतो. ओडेसातल्या त्या टेबलावरचा धोका कुणाच्याच वेळापत्रकात नव्हता.

सव्वापाच तास आधी : २७ जून, सकाळी पावणेअकरा

कीव्हमध्ये सकाळचे सव्वाआठ वाजून गेले होते. युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्यातले कर्नल माक्सिम शापोवाल यांच्या मोटारीत बॉम्ब फुटला आणि ते जागीच ठार झाले. दुसऱ्या दिवशी, २८ जूनला, युक्रेनचा संविधान दिन होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी कचेऱ्यांत लगबग होती, बँकांत गर्दी होती. त्या दिवशीचा सायबर हल्ला हा खंडणीखोरांचा उद्योग होता असं ज्यांना वाटलं, त्यांनी ही तारीख नीट पाहायला हवी होती.

शून्य तास : दुपारी ४ च्या सुमारास

मायक्रोसॉफ्टच्या नोंदींप्रमाणे एम.ई.डॉकच्या अपडेट यंत्रणेने घातक हुकूम चालवायला सुरुवात केली ती ग्रिनिच वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास. कीव्हमध्ये तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. चोरदरवाजातून जे आत आलं त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ म्हणू लागले.

तो प्रोग्राम काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तो त्या मशीनवरचे पासवर्ड गोळा करतो. मग त्याच जाळ्यातली शेजारची मशीन शोधतो आणि स्वतःची प्रत तिकडे पाठवतो. दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत गप्प राहतो, तेवढ्यात आणखी मशीन गाठून होतात. मग मशीन आपणहून बंद होऊन सुरू होतं. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं येतात: हार्ड डिस्कची दुरुस्ती चालू आहे, मशीन बंद करू नका. माणूस आज्ञाधारकपणे थांबतो. ती दुरुस्ती नसते. त्याच मिनिटांत डिस्कचा नकाशा कुलूपबंद होत असतो. शेवटी लाल अक्षरं उमटतात: ३०० डॉलरचे बिटकॉइन पाठवा.

पैसे देऊनही काही परत मिळणार नव्हतं. कुलूप लावून किल्ली फेकून द्यावी अशी त्या प्रोग्रामची रचनाच होती. खंडणीसाठी दिलेला एकुलता एक ईमेल पत्ता जर्मनीतल्या सेवा देणाऱ्या कंपनीने त्याच दुपारी बंद केला, तरी विध्वंसात काडीचा फरक पडला नाही. खंडणीचा देखावा चोरीचा भास निर्माण करण्यासाठी होता. हेतू नासधुशीचा होता.

पहिला तास : दुपारी ४ ते ५

युक्रेनची सरकारी ओशादबँक, टपाल खातं, वीज कंपन्या, कीव्हचा बोरिस्पिल विमानतळ, सरकारी मंत्रालयं यांची मशीन पटापट बंद पडली. मेट्रोत कार्डाने तिकीट निघेना. चेर्नोबिलच्या बंद अणुकेंद्राभोवतालचं किरणोत्सर्गाचं मोजमाप हाताने करावं लागलं. १९८६ च्या त्या जागी २०१७ मध्ये माणसं यंत्र हातात धरून रीडिंग घेत होती, हे त्या दुपारचं सर्वांत गंभीर चित्र.

अडीच तासांनी : संध्याकाळी साडेसहा

कोपनहेगनमधल्या मर्स्कच्या मुख्य कचेरीत पडदे एकामागून एक काळे होत गेले. आयटीची माणसं मजल्यामजल्यांवर धावत सुटली, बैठका अर्धवट तोडून लोकांना मशीनच्या वायर उपटायला लावत होती. संपूर्ण जाळं तोडायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अमेरिकेत न्यूजर्सीला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. एलिझाबेथ बंदरात मर्स्कच्या टर्मिनलबाहेर ट्रकची रांग लागली, कारण गेटवरचा कॉम्प्युटर कोणत्याच ट्रकला ओळखत नव्हता. रॉटरडॅममध्येही तेच. एपीएमची जगभरात ७६ टर्मिनल होती. त्यातली १७ बंद पडली.

रात्र : न्हावा-शेवा

त्या १७ मध्ये आपलं एक होतं. कंटेनर यार्डाचं काम बाहेरून दिसतं ते क्रेनचं आणि ट्रेलरचं. खरं काम नोंदीचं आहे. चार अक्षरं आणि सात आकडे, एवढाच प्रत्येक डब्याचा परिचय. कोणता डबा कोणत्या रांगेत, कितव्या थरावर, आत काय, सील कुठलं, कस्टम्सची मोकळीक मिळाली का, कोणत्या जहाजावर आणि कुठल्या क्रमाने चढवायचा, हे सगळं सॉफ्टवेअर सांगतं. निर्यातीचा ट्रेलर फॉर्म-१३ घेऊन गेटवर येतो. तो फॉर्म जुळवायला नोंद लागते. ती नोंद गेली की हजारो डबे उभे असतात, क्रेनचालक तयार असतो, पण कुणालाच सांगता येत नाही की यातला कुठला उचलायचा. वरचे चार हलवल्याशिवाय खालचा निघत नाही आणि चुकीचा निघाला तर तो जातो भलत्याच देशात.

न्हावा-शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीटीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, की टर्मिनलची यंत्रणा बंद आहे आणि हाताने काम करायचा प्रयत्न चालू आहे. अडकलेल्या वाहनांसाठी जागेची सोय करावी लागली. युक्रेनच्या नकाशावर बोट ठेवून कीव्ह दाखवता आलं नसतं, अशी हजारो माणसं त्या युद्धाच्या धगीत आली. ट्रेलरचा ड्रायव्हर फेऱ्यांवर कमावतो. रांगेत उभी राहिलेली रात्र त्याच्या खिशातून जाते.

दुसरा दिवस : २८ जून

नाटोचे सरचिटणीस येन्स स्टोल्टनबर्ग यांनी बजावलं, की सायबर हल्ल्यामुळेही सामूहिक संरक्षणाचं पाचवं कलम लागू होऊ शकतं. ते लागू करायची वेळ कुणी आणली नाही. युक्रेन नाटोचा सदस्य नव्हता. आणि ज्यांचं नुकसान झालं त्यातले अनेक देश सदस्य होते, पण हल्ला त्यांच्यावर रोखलेला नव्हता.

मर्स्कची माणसं व्हॉट्सअ‍ॅप, स्वतःचे जीमेल आणि एक्सेलच्या तक्त्यांवर बुकिंग घेऊ लागली.

तिसरा ते दहावा दिवस

मर्स्कपुढे आणखी एक संकट होतं. जाळ्यात कोण कोणाला ओळखतं याची नोंद ठेवणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, त्यामुळे सगळे एकाच वेळी पुसले गेले. शोधाशोध करता एक शाबूत सापडला, आफ्रिकेत घानाच्या कचेरीत. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर पडलेला होता. त्याची माहिती इंटरनेटवरून पाठवायला दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने डिस्क घेऊन नायजेरिया गाठलं, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला गेला. अख्ख्या जगाचा माल वाहणारी कंपनी एका डिस्कवर पुन्हा उभी राहिली.

दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला हे आकडे सांगितले. एरवी याला सहा महिने लागले असते, असंही ते म्हणाले. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. जगाचं एकूण नुकसान अमेरिकी सरकारच्या अंदाजाने १,००० कोटी डॉलरहून अधिक. पेनसिल्व्हेनियातल्या हेरिटेज व्हॅली या रुग्णालय समूहाची यंत्रणाही बसली, रुग्णांचे उपचार खोळंबले. खुद्द रशियाच्या रॉसनेफ्ट या तेल कंपनीलाही फटका बसला.

मालवणात रापण ओढतात तेव्हा जाळ्याच्या दोन टोकांत जे सापडेल ते किनाऱ्याला येतं, जाळं माशाची जात विचारत नाही. नॉटपेट्याचं तेच झालं. ते सोडणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं मानायला जागा नाही.

साडेसात महिन्यांनी : १५ फेब्रुवारी २०१८

ब्रिटन आणि अमेरिकेने जाहीरपणे रशियन लष्कराचं नाव घेतलं. १९ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेच्या न्याय खात्याने रशियाच्या ‘जीआरयू’ या लष्करी गुप्तचर संघटनेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतल्या सहा अधिकाऱ्यांवर नावानिशी आरोप ठेवले. रशियाने सगळं नाकारलं. सहापैकी एकही जण कोर्टासमोर उभा राहिलेला नाही.

विमा कंपनीने विचारलेला प्रश्न

हे युद्ध होतं का, हा प्रश्न सरकारांनी टाळला. तो धसास लावला विमा कंपन्यांनी. मालमत्तेच्या विम्यात जुनं कलम असतं: युद्ध किंवा युद्धसदृश कृतीने झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. ओरिओ बिस्किटं बनवणाऱ्या माँडेलीझचे १,७०० सर्व्हर आणि २४,००० लॅपटॉप गेले होते. त्यांचा सुमारे १० कोटी डॉलरचा दावा झुरिक इन्शुरन्सने याच कलमावर फेटाळला. खटला चार वर्षं चालला आणि २०२२ मध्ये तडजोडीने मिटला.

मर्क या औषध कंपनीचा दावा १४० कोटी डॉलरचा होता. न्यूजर्सीच्या कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि १ मे २०२३ ला अपील कोर्टाने तो कायम केला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: हे कलम सैन्यांच्या लढाईसाठी लिहिलेलं आहे, हिशेबाचं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या कंपनीवर ते लादता येणार नाही. तुम्हाला सायबर हल्ला वगळायचा होता तर तसं लिहायला हवं होतं. अपिलाचा निकाल येण्याआधीच विमा कंपन्यांनी तसं लिहायला सुरुवात केली होती. ३१ मार्च २०२३ पासून लंडनच्या लॉइड्स बाजाराने स्वतंत्र सायबर पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ल्यांचं नुकसान वगळणारं कलम सक्तीचं केलं.

यातून एक गोष्ट उघडी पडते. युद्ध म्हणायचं की नाही, हे आजवर त्याची किंमत कुणाला मोजावी लागेल यावर ठरत आलंय. सरकार म्हणत नाही, कारण म्हटलं तर उत्तर द्यावं लागेल. हल्लेखोर म्हणत नाही, कारण मग युद्धाचे नियम त्यालाही लागू होतील. विमा कंपनी म्हणते, कारण पैसे वाचतात. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाईसाठी वर्षानुवर्षं कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागतात.

मालवणने हा वाद आधी पाहिला आहे

अठराव्या शतकात इंग्रज आमच्या दर्यावर्दींना चाचे म्हणत. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या लेखी ते राज्याचं आरमार होतं. कान्होजी आंग्रे मराठा आरमाराचे सरखेल होते, पण मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरात ते लुटारू होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं आणि नंतर परत केला. १८१२ मध्ये चाचेगिरी थांबवण्याचं कारण देऊन मालवण कोल्हापूरकडून कायमचं घेतलं. इंग्लंडसह युरोपातले राजे त्याच काळात स्वतःच्या खाजगी जहाजांना शत्रूची जहाजं लुटायचे परवाने देत होते. परवान्यावर सही असेल तर युद्ध, नसेल तर गुन्हा. आणि सही ग्राह्य धरायची की नाही, हे ज्याच्या तोफा जास्त तो ठरवायचा.

हे थांबलं ते १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने. युरोपीय सत्तांनी खाजगी लुटीचे परवाने कायमचे रद्द केले. राज्यांना एकदम शहाणपण सुचलं असं नव्हे, व्यापाराचं नुकसान त्यांना सोसवेनासं झालं होतं. सायबर हल्ल्यांबाबत जग आज १८५६ च्या आधीच्या टप्प्यावर उभं आहे.

मुंबई, १२ ऑक्टोबर २०२० : दुसरी बाजू

इतकं सगळं वाचल्यावर प्रत्येक बिघाडात शत्रूचा हात दिसू लागण्याचा धोका आहे. म्हणून मुंबईची ही घटना त्याच बारकाईने पाहायला हवी.

सोमवार, सकाळी दहानंतर लगेच मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. कळवा, पडघे, खारघर परिसरातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्या आणि अशा वेळी शहराला वेगळं काढून वाचवणारी यंत्रणा पूर्णपणे चालली नाही. करोनाचा काळ. अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले. रुग्णालयांच्या जनरेटरसाठी डिझेलची तजवीज करायला पालिका धावली. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत वीज यायला रात्र झाली.

त्याआधी चार महिने, १५ जूनला, गलवानमध्ये भारताचे २० जवान हुतात्मा झाले होते. २८ फेब्रुवारी २०२१ ला ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीने अहवाल दिला, की चीनशी संबंधित ‘रेडएको’ या गटाने भारतातल्या वीजव्यवस्थेच्या अनेक संस्थांमध्ये घुसखोरी केली आहे. दुसऱ्या दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या ‘महाराष्ट्र सायबर’ विभागाचा अहवाल पुढे ठेवला: पारेषण कंपनीच्या सर्व्हरवर १४ ट्रोजन आणि बाहेरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र सांगितलं, की मुंबईची वीज मानवी चुकीने गेली. चीनने आरोप नाकारला. आणि रेकॉर्डेड फ्यूचरनेच मान्य केलं होतं, की घुसखोरी आणि वीज जाणं यांचा दुवा सिद्ध झालेला नाही.

घुसखोरी झाली यात फारशी शंका नाही. पण घरात कुणी शिरलं होतं आणि घराला आग लागली, एवढ्यावरून आग त्यानेच लावली असं कोर्टही म्हणत नाही. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये अशा अर्धवट पुराव्यावर युद्ध म्हणणं हे घोर बेजबाबदारपणाचं ठरेल.

निकाल

सायबर हल्ला युद्ध आहे की नाही हे तीन प्रश्नांनी ठरवता येतं आणि ठरवायलाच हवं. हात कुणाचा, हे पुराव्याने दाखवता येतं का? नुकसान बॉम्बने झालं असतं त्या तोडीचं आहे का: माणसांच्या जिवाला, विजेला, पाण्याला, इस्पितळाला, बंदराला? आणि हल्ला नुसती हेरगिरी होती की मोडतोड? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं २(४) कलम बळाच्या वापराला मनाई करतं. ते बळ दारूगोळ्याचंच असलं पाहिजे असं त्यात लिहिलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये पुरी केलेली ‘टॅलिन मॅन्युअल’ची दुसरी आवृत्तीही हत्यारापेक्षा परिणामाचं मोजमाप करायला सांगते.

नॉटपेट्या या तिन्ही कसोट्यांवर युक्रेनविरुद्धचं युद्धकृत्य ठरतं. चालू युद्धातला तो हल्ला होता, नागरिकांवर आणि वाटेत येईल त्यावर केलेला. न्हावा-शेव्यापुरतं बोलायचं तर भारतावर युद्ध लादलं गेलं असं म्हणता येणार नाही. पण भारताच्या भूमीवर, भारतीयांच्या रोजीवर, दुसऱ्याच्या युद्धाने घाव घातला. त्याचा जाब आणि भरपाई मागायचा हक्क आपला होता. मुंबईची घटना, पुरावा नाही तोवर, युद्ध नाही. महाराष्ट्र सायबरने मे २०२५ मध्ये, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर झालेले १५ लाखांहून अधिक सायबर हल्ले मोजले आणि त्यातले १५० यशस्वी झाल्याचं सांगितलं. त्या १५ लाखांना युद्ध म्हणणं चूक. त्यातल्या एकाने उद्या एखाद्या इस्पितळाचा प्राणवायू बंद केला तर तसं न म्हणणं चूक.

म्हणून सरकारकडे मागणं असं. फ्रान्सने २०१९ मध्ये आपली रेषा लेखी जाहीर केली: कोणता सायबर हल्ला आम्ही बळाचा वापर मानू आणि त्याला काय उत्तर देऊ. भारतानेही तितक्याच तपशिलाने ती सांगावी. न सांगितलेली रेषा ओलांडल्याचा दोष कुणाला देता येत नाही. वीज आणि बंदरांवरच्या मोठ्या घटनांचा चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवावा, म्हणजे राज्याचा मंत्री एक आणि केंद्राचा दुसरं सांगतो ही वेळ पुन्हा येणार नाही.

आणि किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांसाठी. वेंगुर्ल्याचे काजू कारखानदार, देवगडचे आंबा प्रक्रियावाले, मालवणचे मासळी निर्यातदार, तुमचा माल कंटेनरमधून जात-येत असेल तर विम्याची पॉलिसी आज काढून वाचा. युद्धाच्या कलमात सायबर हल्ला आहे का ते एजंटकडून लेखी घ्या. हिशेबाच्या मशीनवरच्या माहितीची एक प्रत जाळ्याबाहेर, कपाटात ठेवा. मशीनवर हल्ला झाला तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवणं एप्रिल २०२२ च्या आदेशाने बंधनकारक आहे. ते लाजेखातर लपवू नका. हात कुणाचा हे ज्या पुराव्याने सिद्ध होतं, तो तुमच्याच मशीनमध्ये असतो.